उडीचं तुम्ही सांगा

रविवार, ४ जानेवारी २०२६

कंपनीने यंदा सगळ्यांना डायरी दिली. मागच्या वर्षी डबा दिला होता, तो उपयोगी पडला. पहिल्या पानावर नाव घालायला जागा आहे, तिथे घातलं: प्रितम ओव्हाळ, सेफ्टी ऑफिसर, गाला, मस्कत. खाली मोकळी ओळ होती, तिथे 'अकरा वर्षं, एकही अपघात नाही' असं लिहिलं. ते वाचून माधवी म्हणाली, "हे डायरीत लिहिताय की पाटी रंगवताय?" बायकोच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे मी अकरा वर्षांच्याही आधीपासून पाळतो.

आमची कंपनी इमारतींना परांच्या बांधते. लिहिताना परांची, बोलताना सगळे स्कॅफोल्डिंगच म्हणतात. बांधून झाली की मी तपासतो आणि पायथ्याशी टॅग अडकवतो. हिरवा असेल तर चढा, लाल असेल तर लांब उभे राहा. त्यावर माझी सही असते. घरात माधवी माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढली की उर्वीला म्हणते, "जा, पप्पांची सही घेऊन ये."

आज एक वेगळंच काम आलं. थायलंडची सिनेमा कंपनी, मारामारीचा सिनेमा. आमच्या यार्डापासून दोन गल्ल्यांवर बंद पडलेलं गोदाम आहे, त्याच्या भिंतीला चौदा मीटरची परांची हवी. शेवटच्या प्रसंगात नायिका तिच्या टोकावरून उडी मारणार. खाली काय, विचारलं. रिकामी खोकी. पुठ्ठ्याची. मी दोनदा विचारलं. पुठ्ठ्याचीच.

आमचे फोरमन हुसैनमियाँ रत्नागिरीकडचे, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "साहेब, आपला काम चढवायचा. उतरायचा कसा, ता तेनी बघायचा."

मंगळवार, ६ जानेवारी

दिग्दर्शक बघितला. मला वाटलं होतं, सहा फुटी पैलवान असेल. बुटका, साठीचा, डावा पाय ओढत चालणारा माणूस. नाव प्रासेर्त, पण सगळे 'आजान' म्हणतात. आजान म्हणजे गुरुजी. तो काही बोलला की तीस माणसं एकदम माना डोलावतात. काय बोलला ते ऐकायच्या आधीच डोलावतात, असा माझा संशय आहे.

गुरुजींच्या पायात रबरी चपला होत्या. साइटवर चपला. मी पुढे झालो, उजवा हात वर केला आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीने म्हणालो, "नॉट अलाउड."

युनिटच्या तीसच्या तीस माना डोलायच्या थांबल्या. आदिल म्हणून त्यांचा इथला व्यवस्थापक आहे, मूळचा रोह्याकडचा पण जन्म मस्कतमधला. तो कानाशी येऊन म्हणाला, "ओव्हाळसाहेब, त्यांना असं डायरेक्ट नाही बोलत कोणी." आजान मात्र माझ्याकडे एकटक बघत राहिला. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हणालो.

"पुन्हा. हातासकट."

तीन वेळा म्हणवून घेतलं. मग निमूटपणे गेला आणि बूट घालून आला. माणूस विचित्र आहे, पण शिस्तीचा दिसतो.

शुक्रवार, ९ जानेवारी

सुट्टी. जेवताना सहज सांगितलं, तर उर्वीचा घास हातात राहिला. "पप्पा, तू आजान प्रासेर्तला ओळखतो? आणि तू त्यांना चप्पल काढायला लावलं?" पंधरा वर्षांची झाली, इथे मस्कतच्या अल् घुब्रातच वाढली, त्यामुळे तिचं मराठी असं लंगडत येतं. पण त्या माणसाचा अख्खा इतिहास तिला पाठ. अर्धा इंग्रजीतून ऐकला तो असा.

भातशेतीवर राबणाऱ्यांच्या घरातला मुलगा. गावोगाव पडदा लावून सिनेमे दाखवणाऱ्यांबरोबर सतराव्या वर्षी पळाला. आधी पडदे बांधले, मग सिनेमात 'पडणारा माणूस' झाला, म्हणजे हिरोने लाथ मारली की गच्चीवरून खाली जायचं. पाय त्यातच गेला. मग स्वतः दिग्दर्शक. तार नाही, जाळं नाही, बदली माणूस नाही, सगळं खरं, असा त्याचा बोलबाला झाला. आठ सिनेमे चालले. नवव्याच्या वेळी त्याचा सगळ्यात जवळचा उडीवाला, सोम्चाई, उंचावरून पडला आणि गेला. तो सिनेमा अर्धाच राहिला. मग एकोणीस वर्षं आजानने साबणाच्या जाहिराती केल्या. हा दहावा सिनेमा.

"आणि दाओ, ती हिरॉइन, ती सोम्चाईची मुलगी आहे," उर्वी म्हणाली. "तिला सेम उडी करायची आहे. तिने इंटरव्ह्यूमध्ये सांगितलं, आजानने तिला प्रॉमिस केलंय. आणि पप्पा, तेव्हा कोणीच त्यांना थांबवलं नाही. सगळे फक्त येस, आजान, येस, आजान."

मी म्हणालो, याला जिद्द म्हणतात. एकोणीस वर्षांनी राहिलेलं काम पुरं करायला आला. माधवी ताट उचलता उचलता म्हणाली, "अहो, त्याला पुरं करायचंय की तिला?" बायकांना जिद्द कळत नाही.

एक गोष्ट राहिली. तीन-तीनदा 'नॉट अलाउड' म्हणायला का लावलं असेल, असं मी विचारलं तर माधवी म्हणाली, "एखाद्या पोलिसाचं काम असेल सिनेमात. तुमचा चेहरा आहेच तसा." तिने सहज म्हटलं, पण मला पटलं. ती ऑडिशन होती.

बुधवार, १४ जानेवारी

परांची आठ मीटरपर्यंत आली. आजान रोज सकाळी येतो, माझ्याशेजारी उभा राहतो आणि वर बघत विचारतो, "शुअर?" मी म्हणतो, शुअर. थोड्या वेळाने पुन्हा. "शुअर? काही खराब नाही?" माझ्या कामावर असा संशय आजवर कोणी घेतला नव्हता. आज शेवटी एक फळी जरा हलत होती ती दाखवली आणि लाल टॅग लावला. तासाभराचं काम थांबलं. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. हा खुशीत येऊन मला कॉफी घेऊन आला, स्वतःच्या हाताने.

मग म्हणाला, "तुम्ही 'नाही' कसं म्हणता? आत काय करता?" मी सांगितलं, आत काही करायचं नसतं. आधी हात वर, मग हनुवटी किंचित आत, मग शब्द. आणि म्हणून झाल्यावर कारण द्यायचं नाही, कारण दिलं की लोक वाद घालतात. त्याने खिशातली वही काढून लिहून घेतलं. माझी भूमिका लिहितोय, उघड आहे.

येताना मिशीला लावायचा रंग घेतला.

शुक्रवार, १६ जानेवारी

आमच्या बौद्ध मंडळाचे सचिव गणपतराव. नाव गणपत कसं, यावर पुष्कळ बोलून झालं आहे, तेही बोलतात. थायलंडचा माणूस आपल्या मस्कतमध्ये आहे म्हटल्यावर त्यांना धीर निघेना. मी निरोप दिला, आणि आजान दाओला घेऊन खरंच वंदनेला आला. हॉलमध्ये बघतो तर फलक: 'थायलंडचे ज्येष्ठ धम्म अभ्यासक'. मी गणपतरावांना बाजूला घेऊन सांगितलं की या गृहस्थांनी आयुष्यभर लोकांना लाथा मारण्याचे सिनेमे काढले आहेत. ते म्हणाले, "असू दे हो, देश तर बुद्धाचाच ना." आणि वीस मिनिटं परिचय करून दिला.

वंदना सुरू झाली. शब्द आपलेच, पण आजानच्या तोंडी ते वेगळ्याच चालीत यायचे, ऐकायला गोड. त्रिशरण नीट झालं. मग पंचशील. पहिलंच शील, जीव घेण्यापासून दूर राहीन असं वचन देण्याचं, तिथे आजान थांबला. ओठ मिटलेले, डोळे खाली. मला वाटलं विसरला. शेजारीच होतो, म्हणून हळूच सुरुवात सांगितली. तरी नाही. मग जरा मोठ्याने सांगितली. अख्ख्या हॉलने वळून बघितलं. माझ्याकडे बघून तो किंचित हसला, पण म्हणाला नाही. पुढची चार शीलं मात्र घडाघडा म्हटली. ज्येष्ठ अभ्यासकाला पहिलंच शील येत नाही. फलकाच्या खाली उभं राहून.

प्रवचनाचा आग्रह झाला तेव्हा म्हणाला, "मी आयुष्यभर फक्त माणसं पाडली. तुम्ही बोला, मी ऐकतो." गणपतरावांनी 'विनम्रता' म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या.

जेवायला पुरी-भाजी आणि खीर. दाओ चोवीस वर्षांची, काडीसारखी. तिने सतरंजी गुंडाळून पोरांना पडायला शिकवलं. उर्वी छान पडली. आजान दारात उभा राहून बघत होता आणि दाओ पडली की दर वेळी त्याचा हात चौकटीवर घट्ट व्हायचा. पायदुखीवाल्याला उभं राहणं सोपं नाही. मी खुर्ची दिली.

सोमवार, १९ जानेवारी

मिशीचा रंग घामाने ओठांवर उतरला. हुसैनमियाँ म्हणाले, "साहेब, काय खाल्लाव?" आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

रमजानच्या आधी शूटिंग संपवायचं आहे, म्हणून आदिल सकाळपासून 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला, चला, करत फिरत होता. आज उडीचा दिवस. साडेआठला मी नेहमीप्रमाणे खालून वर बघत निघालो, तर सहा मीटरवर भिंतीला धरणारे दोन आडवे पाइप गायब. कोणी काढले? सजावटवाल्यांनी. चित्रात दिसतात म्हणून. त्या पाइपांनी परांची भिंतीला बांधलेली असते, ते नसले तर ती नुसती उभी असते. त्यात वायव्येकडून वारा, आणि वर यांनी टांगलेलं भलंमोठं कापड फुगलेलं.

आदिल म्हणाला, "दहा मिनिटांचा एक शॉट आहे, साहेब. तुम्ही हिरवा लावा, मी लगेच पाइप परत लावून घेतो, इन्शाल्ला." आणि मग अगदी हळू: "आजानना तुम्ही आवडता. बिघडवू नका."

खरं लिहितो, कारण ही डायरी आहे. क्षणभर मला पोलिसाचा गणवेश दिसला. उर्वीच्या शाळेतल्या मुली दिसल्या. हिरवा टॅग माझ्या डाव्या खिशात होता आणि तो मी अर्धा बाहेर काढला होता. तेवढ्यात वर बघितलं. दाओ शिडीपाशी उभी राहून केस बांधत होती. उर्वी परीक्षेला निघताना बांधते तसे, दातात रबर धरून.

लाल लावला.

आजान आला. "शुअर?" मी म्हणालो, "नॉट अलाउड." कारण दिलं नाही. त्याने सगळ्यांना घरी जायला सांगितलं आणि पाठ फिरवून गोदामामागे निघून गेला. गेली माझी भूमिका. अर्ध्या तासाने हुसैनमियाँ तिकडून क्लॅम्प आणायला गेले होते, ते येऊन सांगतात, "तो माणूस थयं बसलाय आणि हसतोय का रडतोय, कळत नाय. मला बघून हात जोडले त्याने." रागाने होतं असं काहींना.

बुधवार, २८ जानेवारी

आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

हुसैनमियाँनी काल संध्याकाळीच पाइप परत बांधले. कापड उतरवलं. आज वारा नाही, पान हलत नव्हतं. मी क्लॅम्प न् क्लॅम्प हाताने तपासला. दोष काढायचाच म्हटला असता तरी निघाला नसता. हिरवा टॅग, तारीख, सही.

आजान शेजारी येऊन उभा. "शुअर?"

"शुअर."

"पुन्हा बघा. प्लीज."

पुन्हा चौदा मीटर चढलो, पुन्हा उतरलो. सेहेचाळिसाव्या वर्षी हे सोपं नाही. "शुअर, आजान."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं होतं खूश होईल. टॅगकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "कालच्यासारखं म्हणा ना." आता मात्र माझं डोकं फिरलं. खोटा लाल लावायला सांगतो म्हणजे काय? मी स्पष्ट सांगितलं, "आजान, परांची चांगली आहे. माणूस चढेल आणि शिडीने उतरेल, त्याची सही माझी. उडीसाठी माझ्याकडे फॉर्म नाही. उडीचं तुम्ही सांगा."

तोपर्यंत दाओ वर पोचली होती. कॅमेरे लागले. तीस माणसं आजानच्या तोंडाकडे बघत उभी, माना डोलवायला तयार. दाओने वरून हात केला. आदिलने भोंगा पुढे धरला. आजानने तो घेतला नाही.

तो खोक्यांच्या ढिगाकडे चालत गेला आणि पाय ओढत वर चढू लागला. दोनदा घसरला. कोणी पुढे होईना, कारण त्याने बोलावलं नव्हतं. ढिगाच्या बरोबर मधोमध, जिथे ती पडणार होती, तिथे जाऊन उभा राहिला. खोकी त्याच्या वजनाने खचत होती. त्याने वर बघितलं. उजवा हात वर केला. हनुवटी किंचित आत.

"नॉट अलाउड."

हात माझा, हनुवटी माझी, 'अ' ओढण्याची पद्धतसुद्धा माझी. तीस लोकांसमोर माझी नक्कल. मी संतापलो होतो, आजूबाजूला कोण हसतंय ते बघत होतो. कोणी हसत नव्हतं. हुसैनमियाँनी हेल्मेट काढून हातात धरलं होतं. साइटवर हेल्मेट काढलेलं मला चालत नाही, पण मी बोललो नाही.

दाओ वरून ओरडली, थाईमध्ये, खूप. तो तिथेच. ती म्हणे 'बाजूला व्हा' म्हणत होती, हे आदिलने नंतर सांगितलं. आजान पुन्हा म्हणाला, "नॉट अलाउड." तिसऱ्यांदाही म्हणाला, पण तेव्हा आवाज माझ्यासारखा राहिला नव्हता. ती फळीवर बसून राहिली. मोजली, पंचवीस मिनिटं. तो ढिगावरून हलला नाही.

मग ती उतरली. तोंड शिडीकडे, एका वेळी एकच हात सुटलेला, मी पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसंच. ढिगावर गेली आणि आजानच्या खांद्यावर बुक्की मारली. आणखी एक मारली. मग तिथेच डोकं टेकून राहिली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. कामाच्या ठिकाणी वरिष्ठांना मारहाण, हे रिपोर्टात लिहावं का, यावर मी बराच विचार केला. नाही लिहिलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पुठ्ठ्याची धूळ फार होती, पण तेवढ्यानेच आलं असं म्हणवत नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

सिनेमाचा शेवट बदलला. नायिका उडी मारत नाही, शिडीने खाली उतरते. आज ते चित्रण झालं. मारामारीच्या सिनेमाचा हा काय शेवट? उर्वी म्हणते, "बेस्ट आहे, पप्पा. तुला नाही कळणार."

संध्याकाळी मन घट्ट करून आदिलला विचारलं, माझ्या पोलिसाच्या कामाचं काय झालं. तो म्हणाला, "कसला पोलीस? या पिक्चरमध्ये पोलीसच नाही." घरी सांगितलं तर माधवी आधी पोट धरून हसली. मग माझ्या मिशीकडे बघून थांबली आणि म्हणाली, "अहो, तुमचं काम झालं की काल." काल तर मी कॅमेऱ्यासमोर नव्हतोच, असं मी म्हणालो. ती चहा टाकायला गेली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज वंदनेला आजान न बोलावता आला. उद्या ते परत जाणार. अझैब्यातल्या हॉटेलातून टॅक्सी करून तो आणि दाओ, दोघं आली आणि मागे बसली. फलक नव्हता. गणपतराव चांगलेच खट्टू झाले, त्यांना आधी कळलं असतं तर परिचय तयार ठेवला असता.

बसण्याआधी आजानने माझा लाल टॅग मागितला, २७ तारखेचा, सहीवाला. तो कंपनीचा कागद आहे, फाईलला लागतो. मी हात वर केला होता. मग का कोण जाणे, गाडीतून आणून दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. फाईलमध्ये काय लावायचं ते रविवारी बघू.

पंचशील सुरू झालं. पहिल्या शीलाशी तो पुन्हा थांबला. मागच्या वेळी हॉल पुढे गेला होता, या वेळी सगळेच थांबले. मी सांगायला तोंड उघडलं, तर माधवीने माझ्या हातावर हात ठेवला आणि दाबून धरला. अर्धा मिनिट गेलं असेल. मग त्याने ते म्हटलं, शेवटच्या अक्षरापर्यंत, त्यांच्या त्या चालीत. त्याच्यामागोमाग दाओने म्हटलं, आणि मग आम्ही सगळ्यांनी.

परतताना गाडीत मी म्हणालो, या वेळी बरं म्हटलं, पाठ करून आला असणार.

माधवी खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "हो. एकोणीस वर्षं करत होता."